बी पेरलं, पण लॉन कुठाय?

वाचकांचे प्रश्न, बागेचे

या वेळच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे: बी टाकलं, पाणी घातलं, आणि उगवलं ते ठिगळं-ठिगळं. खालच्या उत्तरांत 'बी' म्हणजे हरळीचं बी असं समजावं. बाजारात पाकिटावर त्याला 'बर्म्युडा' म्हणतात. आपल्याकडच्या उन्हात बियाण्यापासून भरवशानं लॉन तयार होतं ते मुख्यतः याचंच. मापं गुंठ्यावर दिली आहेत. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट.

प्रश्न : घराभोवती साधारण एक गुंठा मोकळी जागा आहे, काळी माती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अर्धा किलो बी टाकलं. उगवायला लागलं तोच दोन मोठे पाऊस झाले. आता कडेला, भिंतीलगत गवत गच्च आणि मधे टक्कल. सगळं उकरून पुन्हा पेरावं का? — वाचक, पुणे

उकरू नका. भिंतीलगत गच्च उगवलं म्हणजे बी चांगलं होतं, फक्त जागेवर राहिलं नाही. टरफल काढलेल्या हरळीच्या बियाचे किलोत साधारण ४० लाख दाणे भरतात. एक दाणा राजगिऱ्याच्या दाण्याहूनही हलका. तो मातीखाली असतो जेमतेम अर्धा सेंटिमीटर. जोराचा पाऊस वरचा थर घेऊन निघाला की बी त्याच्याबरोबर उताराला जातं आणि भिंत अडवेल तिथे थांबतं. अर्धा किलो हे प्रमाणही बरोबर होतं. गुंठ्याला अर्धा ते एक किलो पुरतं. त्याहून जास्त टाकलं तर रोपं एकमेकांना गुदमरवतात आणि पावसाळी दमटपणात कुजायला लागतात.

आधी टकल्या जागी उकिडवं बसून माती बघा. टक्कल तीन प्रकारचं असतं आणि तिन्हींची दुरुस्ती वेगळी.

बोटाएवढ्या रुंद ओघळी दिसत असतील तर पाण्यानं वाट केली आहे. ओघळ नुसती भरून चालत नाही, पुढच्या पावसात ती पुन्हा तिथेच उघडते. ओघळीचं तोंड वर कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा छताच्या पन्हळीचं पाणी किंवा फरशीवरून येणारी धार सापडते. ती दुसरीकडे वळवा, मगच माती भरा. भरायची माती आहे त्याच प्रकारची हवी. काळ्या मातीतली ओघळ रेतीनं भरली की ती पट्टी उन्हाळ्यात आधी वाळते आणि लॉनवर पिवळी रेघ उमटते.

माती सपाट असेल, वर पापडीसारखी खपली धरली असेल आणि तिला भेगा असतील, तर तिथे पाणी साचून बसलं होतं. बी खाली असेलही, पण कोंब पापडी फोडू शकला नाही. दाताळ्यानं वरचा सेंटिमीटरभर थर हलकेच खरवडा, चाळलेलं शेणखत पाव इंच पसरा आणि आठ दिवस थांबा. कधी कधी जुनंच बी डोकं वर काढतं.

तिसरा प्रकार फसवा. माती भुसभुशीत, ओघळ नाही, पापडी नाही, तरी रोप नाही. जवळपास मुंग्यांची वारुळं बघा. त्यांच्या तोंडाशी टरफलांचा बारीक भुसा दिसला तर तुमचं बी तिथे गेलं आहे. होले आणि मुनियाही बी टिपतात, पण फस्त करतात त्या मुंग्या. अशा जागी पेरल्यावर रोप उगवेपर्यंत ओलं गोणपाट अंथरायचं. पक्षी त्यानं पूर्ण थांबतात, आणि माती सतत ओली राहिल्यानं बी लवकर रुजून मुंग्यांना मिळणारा वेळ कमी होतो.

आता पुन्हा पेरणी. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबा, पावसाचा जोर ओसरू द्या. टकल्या भागाच्या दर १०० चौरस फुटांना ५० ते ७५ ग्रॅम बी घ्या. ते रात्रभर भिजवून मलमलच्या फडक्यात बांधा आणि मटकीसारखं सकाळ-संध्याकाळ पाण्यातून काढून निथळू द्या. फरक इतकाच की मटकीसारखे लांब मोड येऊ द्यायचे नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही दाण्यांच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की लगेच पाचपट ओलसर बारीक रेतीत मिसळायचं आणि पसरायचं. ठिपक्याची शेपटी झाली तर पसरतानाच ती तुटते. वर दाताळ्याची पाठ फिरवा, फळी ठेवून तिच्यावर उभे राहा, माती दाबली जाऊ द्या. बी मातीला चिकटलं पाहिजे. पोकळीत पडलेलं बी फुगतं आणि वाळून जातं.

भिंतीलगतचं गच्च गवत फुकट मिळालेली रोपवाटिका समजा. खुरप्यानं तिथून दोन इंची चौकोन दोन इंच मातीसकट काढा. एका चौरस फुटातून ३६ तुकडे निघतात. टकल्या भागात ते सहा-सहा इंचांवर बसवले तर त्या ३६ तुकड्यांत नऊ चौरस फूट जागा होते. हरळी धावती असल्यानं वाढीच्या दिवसांत सहा-आठ आठवड्यांत मधली जागा भरून येते. तळहाताएवढं टक्कल असेल तर काहीच करू नका. ते आपोआप मिटतं, आणि तिथे बी टाकण्याच्या खटाटोपात आजूबाजूचं गवत तुडवलं जातं ते वेगळंच.

प्रश्न : नवं बांधकाम झालं आहे. जागेत मुरूम, विटांचे तुकडे, वाळूचे ढीग आहेत. ठेकेदार म्हणतो, वर दोन इंच लाल माती टाकली की झालं. तेवढी पुरेल? — वाचक, सोलापूर

दोन इंचांत लॉन उगवेल. एप्रिलमध्ये करपेल.

हरळीची मुळं मोकळी माती मिळाली तर फूटभर आणि त्याहून खोल जातात. सोलापूरच्या उन्हात तीच तिची बचत. दाबलेल्या मुरमावर दोन इंच माती म्हणजे तव्यावर पसरलेली माती. किमान सहा इंच द्या. एका गुंठ्यावर सहा इंच थर म्हणजे सुमारे साडेपाच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पण सैल माती बसते, म्हणून साडेसहा ब्रास मागवा. पैसे वाचवायचेच असतील तर गवताचं क्षेत्र अर्धं करा, थर अर्धा करू नका.

माती टाकण्याआधी मुरमाची पाठ टिकावानं सहा इंच उकरून घ्या. नाहीतर दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळं तिथून परत फिरतात. जिथे सिमेंटचा माल कालवला होता ती जागा शोधून तिथला राखाडी थर पूर्ण उचलून टाका. त्या वर्तुळात गवत वर्षानुवर्षं पिवळं राहतं आणि लोक खत बदलत बसतात.

आपल्याकडे काळ्या मातीत 'थोडी रेती मिसळा, निचरा सुधारेल' हा सल्ला हमखास मिळतो. चिकण मातीचे कण इतके बारीक असतात की थोडी रेती त्यांत नुसती रुतून बसते आणि वाळल्यावर मिश्रण विटेसारखं घट्ट होतं. फरक पडायला निम्म्याहून जास्त रेती लागेल. त्यापेक्षा गुंठ्याला अर्धा ब्रास पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत वरच्या सहा इंचांत मिसळा आणि सोबत तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. त्यातून तणाचं बी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) दोन्ही घरात येतात.

उतार घरापासून बाहेर, दर दहा फुटांना दीड इंच. गवंड्याच्या लेव्हल ट्यूबनं खुंट्यांवर खुणा करून घ्या. डोळ्यांनी धरलेला उतार हमखास चुकतो. मग गवंडी प्लास्टर ओढायला वापरतो ती ॲल्युमिनियमची लांब पट्टी मातीवरून आडवी-उभी ओढा. कडेच्या फरशीपेक्षा माती एक इंच खाली राहू द्या, कारण दरवर्षी वरून खतमाती टाकली जाते आणि लॉन वर चढत जातं.

एवढं झाल्यावर लगेच पेरू नका. भरपूर पाणी सोडा, वाफसा येऊ द्या (माती ओलसर, पण चिखल नाही), पुन्हा पट्टी ओढा, पुन्हा पाणी. या दोन फेऱ्यांत खड्डे आपले आपण उघडे पडतात. चपलेचा ठसा सेंटिमीटरपेक्षा खोल उमटत नसेल तर जमीन पेरणीला तयार. मग बी पाचपट कोरड्या रेतीत मिसळून दोन भाग करा, एक भाग उभ्या फेऱ्यांत आणि दुसरा आडव्या फेऱ्यांत टाका.

पाण्याचा हिशेब असा. पहिले १४ दिवस मातीचा वरचा सेंटिमीटर सुकू द्यायचा नाही. माती पांढरट दिसू लागली की पाणी. साधारण दिवसातून तीनदा, दर वेळी गुंठ्याला २०० लिटर, झारीच्या चाळणीसारख्या बारीक धारेनं. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला एकदा, पण दुप्पट. दुसऱ्या महिन्यापासून दोन-तीन दिवसांआड आणि खोलवर. सगळीकडे गवत दिसू लागल्यावरही जे रोज शिंपडत राहतात, त्यांच्या लॉनची मुळं वरच्या दोन इंचांतच राहतात.

प्रश्न : डिसेंबरात पेरलं. आज चाळीस दिवस झाले, एक कोंब नाही. बी जुनं दिलं का? — वाचक, नाशिक

बियाला दोष देण्याआधी थंडीला द्या. हरळीचं बी रुजायला माती उबदार लागते, २० अंशांच्या वर. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा अनेकदा १० अंशांच्या खाली जातो. ओल्या मातीत पाणी जितकं जास्त तितकी ती आणखी थंड. टरफलासकट बी असेल तर ते एरवीही दोन-तीन आठवडे घेतं. टरफल काढलेलं उबदार दिवसांत एक ते दोन आठवड्यांत उगवतं.

पाणी बंद करा. फेब्रुवारीच्या शेवटी रात्री उबदार झाल्या की वरचा थर खरवडून पुन्हा पाणी सुरू करा, बरंचसं बी तेव्हा येईल. दरम्यान पाकिटात उरलेल्या बियाची परीक्षा घ्या. १०० दाणे मोजून ओल्या टिपकागदावर ठेवा, डबा बंद करून स्वयंपाकघरात उबेला ठेवा, चौदाव्या दिवशी मोजा. ८० वर उगवले तर बी उत्तम. ५० उगवले तर प्रमाण दीडपट करा. त्याहून कमी असेल तर ते बी वापरूच नका.

प्रश्न : 'मेक्सिकन लॉनचं बी' ऑनलाइन मागवलं. उगवलं ते वेगळंच गवत. फसवणूक झाली का? — वाचक, ठाणे

आपण ज्याला मेक्सिकन किंवा कोरियन कार्पेट म्हणतो, ते सुईसारख्या पानांचं गादीदार गवत बियाण्यानं लावत नाहीत. त्याच्या लाद्या किंवा मुळासकट तुकडे लावतात. 'सिलेक्शन वन' या नावानं विकलं जातं त्याचंही तसंच. त्या नावानं बी आलं असेल तर ते बहुधा साधी हरळी किंवा दुसरंच गवत. उगवलेलं गवत बारीक पानांचं, जमिनीवर धावणारं असेल तर ती हरळी आहे. ठेवा, लॉन होईल. रुंद पानांचं, गड्डा करून वाढणारं असेल तर आताच काढा.

प्रश्न : पेरून सव्वा महिना झाला होता, गवत चार इंच झालं. माणूस बोलावून धाग्याच्या मशीननं एकदम जमिनीलगत कापून घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळं पांढरट-तपकिरी. मेलं का? — वाचक, कोल्हापूर

मेलं नाही, बोडकं झालं. गवत उंच वाढलं की पानं वर जातात आणि खाली नुसत्या काड्या उरतात. एकदम खाली कापलं की उरतात त्या काड्या. हरळी धावत्या खोडांतून पुन्हा फुटते. दोन-तीन आठवडे द्या. या काळात युरिया टाकू नका, पाणी नेहमीसारखं ठेवा, त्यावर चालू नका. जिथे ओढल्यावर रोप मुळासकट हातात येईल तेवढ्याच जागी पुन्हा पेरावं लागेल. धाग्याचं मशीन नव्या लॉनवर वापरूच नये. धागा कापत नाही, फटकारतो; महिन्याभराचं रोप त्या फटक्यानं उपटलं जातं.

पहिली कापणी गवत दोन इंच झाल्यावर, दीड इंचावर. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागाहून जास्त नाही. माती कोरडी हवी, नाहीतर चाकांचे चर पडतात आणि ते वर्षभर दिसतात. हातानं ढकलायचं, फिरत्या पात्यांचं मशीन यासाठी सर्वांत चांगलं. छोट्या जागेत कुंपण कापायची कात्रीही चालते. कापल्यावर एक पान जवळून बघा. कड सरळ असेल तर पातं धारदार; टोकाला पांढरे धागे लोंबत असतील तर पातं बोथट आहे आणि दोन दिवसांत पूर्ण लॉनवर राखाडी झाक येणार. चार-पाच कापण्यांत हळूहळू एक इंचावर या. वारंवार कापल्यानंच गवत आडवं पसरतं. जपण्यासाठी न कापलेलं नवं लॉन विरळच राहतं.

युरिया उगवल्यानंतर चार आठवड्यांनी, गुंठ्याला अर्धा किलो, कोरड्या रेतीत मिसळून, पानं कोरडी असताना. टाकल्याबरोबर ५०० लिटर पाणी. ओल्या पानाला चिकटलेला दाणा तिथे तपकिरी ठिपका करतो, आणि फेकताना जिथे मूठ उघडली तिथे जळालेला पंजाच उमटतो.

प्रश्न : नव्या लॉनमध्ये लव्हाळा आला आहे. उपटतो तेवढा दुप्पट येतो. तणनाशक मारू का? — वाचक, सांगली

आधी खात्री करा. काडी दोन बोटांत फिरवा. तीन कोन लागले तर लव्हाळा, गोल असेल तर गवत. लव्हाळ्याच्या खाली गाठी असतात आणि त्या बारीक दोऱ्यांनी माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरून ओढलं की दोरा तुटतो, गाठ खाली राहते, आणि आधी झोपून असलेली गाठसुद्धा जागी होते. तुमची 'दुप्पट'ची तक्रार खरी आहे.

नव्या लॉनवर पहिले दोन-अडीच महिने कुठलंच तणनाशक नको, रोपंच जातील. हातानं काढायचं, पण उपटून नव्हे. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी अरुंद खुरपं सहा इंच सरळ खाली घालून गाठीसकट उचला. बहुतेक गाठी याच खोलीत असतात. फुटवा आल्यापासून तीन-चार आठवड्यांत तो नव्या गाठी बांधू लागतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी फेरी हवी. महिन्यातून एकदा काढणं म्हणजे त्याला मुदत देणं.

लॉन नीट बसल्यावर, चार-पाच कापण्या झाल्यावर, हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे औषध लव्हाळ्यावर चालतं आणि हरळी ते सहन करते. आपल्याकडे ते उसातल्या लव्हाळ्यासाठी विकलं जातं, सांगलीला सहज मिळेल. मात्र लॉनसाठी त्यावर शिफारस छापलेली नसते, तेव्हा आधी कोपऱ्यातल्या चौरस मीटरवर मारून पंधरा दिवस बघा. उसाच्या हेक्टरी ९० ग्रॅमच्या हिशेबानं गुंठ्याला एक ग्रॅमही पडत नाही. चमच्यानं अंदाजे घेण्याचं हे औषध नव्हे, सोनाराच्या काट्यावर तोला. २,४-डी मात्र लव्हाळ्याला पुरत नाही, ते रुंद पानांच्या तणांचं औषध.

पुढच्या वेळी नवी जागा करणार असाल तर पेरणीच्या आधीच लढाई उरका. तयार जमिनीला पाणी देऊन तीन आठवडे थांबा, लव्हाळा वर आला की गाठींसकट खणा, आणि हे निदान दोनदा करा. ग्लायफोसेटचा विचार असेल तर केंद्र सरकारच्या २०२२ च्या अधिसूचनेनं ते फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फत मारण्याची अट घातली आहे, हे लक्षात असू द्या. उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवण्यानं इतर तणांचं बी बरंच मरतं. लव्हाळ्याचा कोंब मात्र पातळ प्लास्टिकला भोक पाडून वर येतो.

प्रश्न : खत देऊनही लॉन फिकट पिवळं. माती चुनखडीची आहे. — वाचक, अहिल्यानगर

पान भिंगाखाली धरा. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. चुनखडीत लोह असतं पण मुळांना मिळत नाही. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी आहे. दोन्हींत गल्लत झाली की लोक युरिया वाढवतात, गवत आणखी जोरात वाढतं आणि आणखी पिवळं दिसतं.

लोहासाठी १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम लिंबूसत्व आणि मग ५० ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवा. एका गुंठ्यावर संध्याकाळी फवारा. दोन महिन्यांहून लहान लॉनवर फेरस सल्फेट निम्मं घ्या. तीन-चार दिवसांत रंग फिरतो. हे जमिनीत टाकून उपयोग नाही, चुना ते बांधून टाकतो. आणि फवारणीआधी कडेची फरशी ओली करून घ्या, नंतर लगेच धुवा. फेरस सल्फेटचा गंजाचा डाग एकदा वाळला की निघत नाही.

प्रश्न : आंब्याखाली बी टाकलं, दोन वेळा. उगवतं आणि विरळ होऊन जातं. — वाचक, नागपूर

तिसऱ्यांदा टाकू नका. हरळीला रोज सहा तास थेट ऊन लागतं. सावलीत ती उंच, फिकट आणि विरळ होते. आंब्याखाली बफेलो म्हणून मिळणारं रुंद पानांचं गवत लाद्यांनी लावा, तेही घेराच्या बाहेरच्या भागात. खोडालगत पाचोळा राहू द्या.

प्रश्न : विहिरीचं पाणी मचूळ आहे, माती जांभ्याची. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. बी कधी पेरावं? — वाचक, गोवा

पाऊस पूर्ण ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. माती अजून उबदार असते आणि वाहून जायची भीती कमी. जांभ्याची माती आम्लधर्मी. चुना टाकायचा की नाही ते माती तपासून ठरवा, अंदाजानं नव्हे. हरळी बऱ्यापैकी खारटपणा सोसते, पण तिची कोवळी रोपं सोसत नाहीत. पहिले तीन आठवडे गोड पाणी मिळणार असेल तरच बी टाका. नाहीतर सीशोअर पास्पालम हे किनाऱ्याचं गवत तुकड्यांनी लावा. विहिरीच्या पाण्यावर ते हरळीपेक्षा नक्की चांगलं राहील.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला राहतो. मे महिन्यात दुकानातलं मिश्र बी टाकलं. आठवड्यात हिरवं झालं, म्हणून पाणी कमी केलं. जुलैत निम्मं गेलं. भारतातून हरळीचं बी आणावं का? — वाचक, एडिसन

आणू नका. एक तर गवताचं बी असं सामानातून नेण्यावर निर्बंध आहेत, आणि तिथल्या हिवाळ्यात साधी हरळी टिकण्याचा भरवसा नाही. तुमच्याकडची गवतं थंड हवेची आहेत आणि वेळापत्रक आपल्या उलट आहे.

चूक झाली ती 'आठवड्यात हिरवं झालं' इथे. मिश्र बियात साधारण तीन गवतं असतात. रायग्रास पाच-सात दिवसांत उगवतं, टॉल फेस्क्यू दहा-बारा दिवसांत, आणि केंटकी ब्लूग्रासला दोन ते चार आठवडे लागतात. तुम्ही पाहिलं ते रायग्रास. पाणी कमी झालं तेव्हा ब्लूग्रासचं बी नुकतं फुगलं होतं, ते तिथेच वाळलं. जे उरलं त्याला मुळं धरायला सहा आठवडेही मिळाले नाहीत तोच उन्हाळा आला. त्यात वसंतातल्या पेरणीत क्रॅबग्रास हे तण बरोबरीनं उगवतं.

ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पुन्हा पेरा, गणपतीच्या आसपास. माती उबदार, हवा गार, तण मागे हटलेलं. उरलेलं गवत दीड इंचावर कापून टकल्या जागा दाताळ्यानं खरवडा, माती दिसली पाहिजे. जुन्या पाचोळ्यावर पडलेलं बी वाया जातं. टॉल फेस्क्यू असेल तर रिकाम्या जागी १,००० चौरस फुटांना सुमारे तीन ते साडेतीन किलो, गवत नुसतं विरळ असेल तिथे निम्मं. वसंतात क्रॅबग्रास रोखणारं दाणेदार औषध टाकलं असेल तर त्याच्या पिशवीवर पेरणीआधी किती आठवडे थांबायचं ते वाचा. ते औषध तण आणि तुमचं बी यांत भेद करत नाही. ओलावा तीन पूर्ण आठवडे ठेवा, हिरवं दिसलं तरी.

न्यू जर्सीत २०११ च्या खत कायद्यानं लॉनवर स्फुरद टाकायला माती तपासणीची अट आहे, पण नवं लॉन लावताना किंवा खराब झालेलं दुरुस्त करताना त्यातून सूट मिळते. म्हणजे पेरणीच्या वेळचं सुरुवातीचं खत तुम्हाला चालतं. १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरगुती लॉनवर कुठलंच खत टाकता येत नाही, म्हणून पेरणीनंतर सहा-आठ आठवड्यांनी द्यायचा नत्राचा हलका हप्ता त्याआधी उरका. ऑक्टोबरात मेपलची पानं गळतात. ती नव्या रोपांवर चार दिवस ओली पडून राहिली तरी खालचं गवत पिवळं पडून कुजतं. रेकनं ओढू नका, रोपं उपटून येतील. ब्लोअर कमी वेगावर ठेवून, पानं कोरडी असताना दुपारी उडवा.